साध्या काचा

उंबरठ्यावरच तपासनीस बाईंनी सगळ्यांना हाताने थोपवलं आणि त्या एकट्याच खोलीत शिरल्या.

खुर्ची आडवी पडली होती. टेबलावरचे कागद जमिनीवर विखुरले होते. टेलिफोनची वायर उपटलेली. आणि दाराजवळ, कुणाच्या तरी टाचेखाली चिरडलेला, तो चष्मा.

हा चष्मा अख्ख्या शहराला ठाऊक होता. काळी जाडजूड फ्रेम आणि तेवढ्याच जाड काचा. गोदीच्या भिंतीभिंतीवर तो रंगवलेला होता. चेहरा काढायचीही गरज पडत नसे. नुसता चष्मा दिसला की लोक म्हणत, मास्तर.

काल रात्री मास्तर संघटनेच्या याच कचेरीत झोपले होते. आज ते गायब होते. आणि आजच दुपारी सभागृहात बंदराचं मतदान होतं.

बंदर एका पेढीला दोन पिढ्यांच्या कराराने द्यायचं, असं ते विधेयक. पेढी साधीसुधी नव्हे. देशोदेशीची सरकारं तिच्या कर्जावर तगलेली. तिला नको असलेला अर्थमंत्री फार दिवस टिकत नाही, असं लोक म्हणत. तिच्यासमोर उभा राहिलेला माणूस एकच. कधीकाळी गोदीच्या शाळेत पोरांना बाराखडी शिकवणारा, मग कामगारांचा पुढारी झालेला, मग सभागृहात निवडून गेलेला. मास्तर उठले की त्यांच्यामागे छोट्या पक्षांचे सात-आठजण उठायचे. विधेयक तेवढ्यावरच अडलं होतं.

बाईंनीही बाराखडी त्याच शाळेत गिरवली होती. वडील गोदीत क्रेन चालवायचे. वर्गात सगळ्यांत बुटकी आणि सतत काहीतरी करत असलेली, म्हणून मास्तर तिला मुंगी म्हणायचे.

आज तसलं काही आठवायची सोय नव्हती. त्यांनी काचेचा एक तुकडा चिमटीत उचलला आणि त्यातून खाली बघितलं. फरशीचे चौकोन बारीक झाले, दूर गेल्यासारखे दिसले. तुकडा त्यांनी पाकिटात टाकला.

मग दार. कडी शाबूत, कुलूप शाबूत. खिडकीला गज.

"किल्ली कुणाकडे असते?"

"एक मास्तरांकडे," दाराबाहेरून संघटनेचा चिटणीस म्हणाला. रुंद खांद्यांचा, तिशीतला गडी. आईबाप लहानपणीच गेले, तो मास्तरांच्या घरीच वाढला. रडून त्याचे डोळे सुजले होते. "आणि एक माझ्याकडे. परवाच दिली त्यांनी. म्हणाले, आता जबाबदारी घ्यायला शिक."

"रात्री इथे पहारा असतो ना?"

"असतो. पाचसहा जण बाहेरच झोपतात."

"काल कुठे होते?"

"मी घरी पाठवलं."

"का?"

"मास्तर म्हणाले म्हणून. उद्या दिवसभर सभागृहाबाहेर उभं राहायचंय, आज घरी झोपू देत म्हणाले."

"हे ते आणखी कुणासमोर बोलले?"

चिटणीस विचारात पडला. मग त्याचा चेहरा उतरला. "नाही. माझ्याशीच."

बाईंचा फोन वाजला. साहेब होते.

"किल्ली त्याच्याकडे, पहारा त्यानेच काढला. आणखी काय हवंय तुम्हाला? उचला त्याला."

"साहेब, हे जरा जास्तच सोपं आहे. मला थोडा—"

"मतदानाच्या आधी कुणीतरी आत गेलेलं दिसलं पाहिजे. हा हुकूम समजा."

चिटणीसाने हात पुढे केले. बेड्या पडताना एवढंच म्हणाला, "माझं काय करायचं ते नंतर करा बाई. आधी मास्तरांना शोधा. त्यांना गार वारं बाधतं."

*

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. आमदारकी आली तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. जणू बोलावणं येताच उठायचं होतं.

"फोन आला होता," त्या म्हणाल्या. "पुरुषाचा आवाज. मतदान झालं की सोडू, तोवर गप्प राहा, एवढंच."

"ओळखीचा वाटला?"

"नाही."

"काकू, त्यांची तब्येत कशी होती?"

काकूंनी दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणला.

"तुला म्हणून सांगते. तापाने पडलेत असं मध्यंतरी सांगितलं ना, तो ताप नव्हता. मोतीबिंदू काढला. दोन्ही डोळ्यांचा. परगावी जाऊन केलं. ते, मी आणि तो डॉक्टर, चौथ्या कुणाला पत्ता नाही. चिटणीसालासुद्धा नाही सांगितलं. पुढारी आजारी पडला असं ऐकलं की माणसं कच खातात म्हणे."

"पण परवाच्या सभेत तर चष्मा होता डोळ्यांवर."

काकूंना एवढ्यातही हसू आलं. "तीच तर गंमत. आता लांबचं लख्ख दिसतं, चष्मा नकोच. पण भिंतीवर चष्मा, पत्रकावर चष्मा. लोकांना चुकल्यासारखं व्हायला नको म्हणून तसलीच फ्रेम आणून साध्या काचा बसवल्या. जुना कपाटात पडलाय. तो आता घातला तर भोवळ येईल त्यांना."

बाईंचा हात खिशातल्या पाकिटावर गेला.

"रात्री काय पांघरलं असेल गं त्यांनी?" काकू स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. "जाड कोट होता एक. तोही गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या धुलाईवाल्याकडे टाकला म्हणाले. इथे समुद्रकाठी कधी लागत नाही म्हणा, पण असावा जवळ."

*

कोपऱ्यावरच्या धुलाईवाल्याने मान हलवली. "मास्तरांचे सदरे येतात. कोट कधीच नाही आला."

बाई गाडीत येऊन बसल्या, पण किल्ली फिरवली नाही. मनात जे उभं राहत होतं ते त्यांना नको होतं. त्याला खोटं पाडणारं काहीतरी मिळावं म्हणून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

तिथे एका संस्थेची कचेरी होती. नाव लांबलचक, पण सगळे तिला 'टेकडी' म्हणत. कारण तिचं मुख्य घर लांब, थंड हवेच्या एका टेकडीवर होतं. पेढीच्या पैशावर उभी राहिलेली संस्था. हुशार तरुणांना शिष्यवृत्त्या द्यायची, परदेशी पाठवायची. वर्षातून एकदा मंत्री, संपादक, बँकांचे प्रमुख आणि सेनाधिकारी तिथे बंद दाराआड जमत. तिथे काय बोलणं झालं ते बाहेर येत नसे. वर्षभराने तेच कायदा होऊन येई.

संचालिकाबाईंनी स्वतः पुढे येऊन दार उघडलं. पांढरे केस, मऊ आवाज. पायाखाली एवढा जाड गालिचा की चालल्याचा आवाजच येईना. भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो होते. त्यांतले दोन पुढे पंतप्रधान झालेले. खालच्या रांगेत एक तरुण चेहरा बघून बाई थबकल्या. मिशी नव्हती, पण ते त्यांचे साहेबच.

"मास्तर कधी टेकडीवर आले होते?" त्यांनी विचारलं.

संचालिका हसल्या. "आमच्याविरुद्ध एवढी भाषणं ठोकल्यावर? आम्ही पायघड्या घातल्या असत्या तरी आले नसते."

"बंदराच्या सौद्यात तुमच्या पेढीचा फायदा आहे. मास्तर नसले तर तो सोपा होतो."

"फायदा देशाचा आहे. पेढी फक्त पैसे घालते." आवाज किंचितही चढला नाही. "आणि खरं सांगू का, मला त्यांचा राग नाही, काळजीच वाटते. डोळ्यांचे उपचार नुकतेच झालेले असताना त्या कोळशाच्या धुळीत झोपायचं म्हणजे काय? या वयात माणसाने जपून राहावं."

"खरंय," बाई म्हणाल्या. त्यांनी आभार मानले आणि जिना उतरल्या. गाडी त्यांनी थेट शहराबाहेर काढली.

*

टेकडीचा रस्ता वळणांचा. अर्ध्या वाटेवर गाडीतल्या रेडिओने निकाल सांगितला. मास्तरांच्या अपहरणाने सभागृहावर सावट होतं. त्यांच्यामागे उठणाऱ्यांपैकी काही आलेच नाहीत, काहींनी मान खाली घालून विधेयकाच्या बाजूने हात वर केला. विधेयक मंजूर झालं.

बाईंनी रेडिओ बंद केला आणि गाडी तशीच पुढे काढली. आता घाई कशाचीच नव्हती. तरी पाय दाबलेलाच राहिला.

पाहुण्यांच्या बंगल्याला फाटक होतं, पण ते सताड उघडं. पहारेकरी कुठेच नाही. व्हरांड्यात उन्हाला खुर्ची टाकून मास्तर बसले होते. अंगात जाड कोट. डोळ्यांवर तसाच चष्मा, अगदी नवा. शेजारी रेडिओ.

गाडीचं दार वाजलं तसे ते दचकून उठले. "कोण? मुंगी? एकटीच आलीस?"

"तुम्हाला सोडवायला आलेय, मास्तर," बाई म्हणाल्या. "कुणापासून सोडवायचं तेवढं सांगा."

त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग हळूच खाली बसले. वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखे.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"तू शाळेत यायच्याही आधीपासून." ते म्हणाले. "माझं शिक्षण यांनी केलं. मी कामगारांत काम करतो म्हटल्यावर मला वाटलं, हे हात झटकतील. उलट म्हणाले, जरूर कर. संघटनेची कचेरी, छापखाना, पहिली निवडणूक, सगळ्यात मदत केली. कधी काही मागितलं नाही. अगदीच एखाददुसऱ्या वेळी."

"त्यांच्याविरुद्धच लढायला त्यांनी मदत केली?"

"विरोध कुणीतरी करणारच होतं गं. त्यांना तो ओळखीचा माणूस हवा होता."

वाऱ्याने पडदा हलला. बाईंना वडील आठवले. मरेपर्यंत त्यांच्या उशाशी मास्तरांच्या चष्म्याचा बिल्ला होता.

"मग मत त्यांच्याच बाजूने द्यायचं. हे सोंग कशाला?"

"लोकांना तोंड कसं दाखवलं असतं? आणि हे म्हणाले, पुढेही तुमची गरज लागणार आहे."

"आणि चिटणीस? तो कोठडीत आहे."

मास्तरांनी नजर फिरवली. "दोनचार दिवसांत सुटेल. पुरावा कुठे आहे त्याच्याविरुद्ध?"

"त्याला किल्ली तुम्ही दिलीत."

मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मला खाली घेऊन चल. मीच सांगतो लोकांना. माझ्या तोंडून ऐकू देत. तेवढी मुभा दे मला."

बाईंनी ती दिली. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाच्या शब्दावर एवढा विश्वास टाकला नव्हता.

*

खाली पोचण्याआधीच साहेबांचा फोन आला. मास्तर सापडल्याचं त्यांना कळलं होतं. कुणाकडून, हे बाईंनी विचारलं नाही.

"शाब्बास. सुखरूप सुटका असं मी जाहीर केलंय. चिटणीसाला तिथेच आणवतोय, लोकांना दिसू दे. तुम्ही काही बोलायचं नाही."

संघटनेच्या कचेरीसमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. मास्तर गाडीतून उतरले आणि असा काही जल्लोष उठला की क्रेनवरची माणसंसुद्धा ओरडायला लागली. काकू पायऱ्यांवर उभ्या होत्या. बाजूला पोलिसांच्या गाडीपाशी, बेड्या घातलेला चिटणीस. मास्तरांना बघून त्याचा चेहरा उजळला. आपण कुठे उभे आहोत हेही तो विसरला होता.

मास्तर पायऱ्या चढले. वर जाऊन वळले. समोर हजारभर चेहरे.

"मित्रांनो," त्यांचा आवाज थरथरला. "त्यांनी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. मला ओढत नेलं. पण माझा आवाज ते बांधू शकले नाहीत!"

पुन्हा जल्लोष. मास्तरांनी हात वर केला.

"दुःख एवढंच, की दार आपल्यातल्याच एकाने उघडलं."

हजार डोळे चिटणीसाकडे वळले. कुणीतरी त्याच्यावर चप्पल भिरकावली.

तेव्हा बाई पायऱ्या चढल्या.

"मास्तर, एक विचारायचं होतं. ओढत नेताना चष्मा फुटला ना तुमचा?"

मास्तरांनी रोखून बघितलं. त्या नजरेत आधी विनवणी होती, मग राग. "हो. फुटला."

"मग आता डोळ्यांवर आहे तो कुठला?"

"हा... हा दुसरा. खिशात होता."

"बघू जरा." त्यांनी तो अलगद काढून घेतला आणि पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या क्रेनवाल्याच्या हातात दिला. तो त्यांच्या वडिलांच्याच पाळीतला. "दादा, घालून बघा."

त्याने घातला. इकडेतिकडे बघितलं. "याला नंबरच नाही. नुसती काच आहे."

"आता यातून बघा." बाईंनी पाकिटातला तुकडा पुढे केला.

"बाप रे. गरगरलं."

"मास्तरांचे डोळे ऑपरेशनने साफ झालेत," बाई म्हणाल्या. कुणावर न ओरडता, पण शेवटपर्यंत ऐकू जाईल असं. "आता ते साध्या काचा घालतात. रात्री त्यांना कुणी धरून नेलं असतं, तर साधी काच फुटली असती. फुटली ती जुनी, जाड काच. जो चष्मा ते वापरतच नाहीत, तो घरच्या कपाटात होता. तो इथे आणून कुणी फोडला? काकू, कपाटात आहे का तो?"

काकूंचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तू गेलीस तशी मी उघडून बघितलं," त्या म्हणाल्या. "नाही. दिवसभर मला वाटत होतं की मीच कुठेतरी ठेवला असेन."

"ओ बाई, बस करा आता!" गर्दीतून एकजण ओरडला. "दमलेत ते!"

"दमले असतील. मास्तर, हा कोट कुणी दिला? धरून नेणाऱ्यांनी?"

मास्तरांचा हात कोटाच्या कॉलरवर गेला.

"धुलाईला टाकला असं घरी सांगून तुम्ही तो गेल्या आठवड्यातच हलवलात. धुलाईवाल्याने तो बघितलेलाही नाही. समुद्रकाठच्या माणसाला एवढा जाड कोट एकाच ठिकाणी लागतो. टेकडीवर. मला तुम्ही तिथेच मिळालात. पहारा नाही, कुलूप नाही, फाटक उघडं. आणि टेकडीच्या संचालिकांना तुमच्या डोळ्यांवरचे उपचार ठाऊक होते. काकूंना आणि डॉक्टरला सोडून ते कुणालाच ठाऊक नव्हते. या चिटणीसालासुद्धा."

"त्यांनी... त्यांनी मला फसवून नेलं," मास्तर पुटपुटले.

"फसवून नेलेला माणूस आधी कोट हलवत नाही. पहारा काढायला लावत नाही. आणि ज्याला वाढवलं त्याच्या हातात आदल्या दिवशी किल्ली देत नाही, उद्या बोट त्याच्याकडे जावं म्हणून."

कुणीच ओरडलं नाही आता. बाई खाली उतरल्या, शिपायाकडून किल्ली घेतली आणि स्वतः चिटणीसाच्या बेड्या काढल्या. तो मास्तरांकडेच बघत होता. "म्हणाले होते, जबाबदारी घ्यायला शिक," एवढंच तो बोलला.

फोन वाजायला लागला. बाईंनी उचलला.

"सापडले, साहेब. हो, सुखरूप. आणि त्यांना पळवणाराही सापडला. दोघांना एकच गाडी पुरेल." पलीकडचा आवाज चढत गेला. बाईंनी तो मधेच तोडला. उद्या काय वाढून ठेवलं असेल याची त्यांना पुरती कल्पना होती.

तेवढ्यात म्हातारा क्रेनवाला दोन पायऱ्या चढून मास्तरांसमोर उभा राहिला. चष्मा अजून त्याच्या हातातच होता.

"मास्तर, आपला तो मोठा संप," तो म्हणाला. "तुम्ही रातोरात समझोता करून आलात. म्हणालात, याहून जास्त मिळणार नाही, पोरं उपाशी आहेत. तोपण तिकडेच झाला होता?"

मास्तरांचे ओठ हलले. "तेव्हा परिस्थिती अशी होती की..."

"आम्ही टिकलो असतो," म्हातारा म्हणाला. "आणखी महिनाभर सहज टिकलो असतो."

त्याने चष्मा पायरीवर ठेवला आणि वळून चालू लागला. त्याच्यामागे दुसरा. मग बाकीचे. शिव्या नाहीत, दगड नाहीत. नुसते पाय वाजत होते. मास्तरांना ते सोसेना. "अरे, ऐका तरी!" ते ओरडले. पण थांबलं कुणीच नाही.

बाईंनी त्यांच्या दंडाला धरलं आणि पोलिसांच्या गाडीकडे नेलं. खोटी तक्रार, निरपराध माणसावर किटाळ. कलमं फुटकळ होती. टेकडीवर बसलेल्यांना लागेल असं कलम बाईंना ठाऊक नव्हतं.

दारापाशी मास्तर थांबले. "तू येतेस ना गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

काकू पायऱ्यांवर चिटणीसाशेजारी बसल्या होत्या. बेड्यांनी लाल झालेली त्याची मनगटं त्या आपल्या पदराने चोळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"कुणीतरी याला खायला आणा रे," त्या म्हणाल्या. "सकाळपासून पोटात काही नाही पोराच्या."